अख्खा बोकड घ्यायचा, तर आधी वाटेकरी बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापूरच्या राजारामपुरीत शेजारची सहा घरं आहात, सगळे मटण खाणारे. अमेरिकेतला भाऊ सांगतो, की तिकडे लोक शेतकऱ्याकडून अर्धा नाहीतर पाव बैल थेट विकत घेतात, फ्रीझरमध्ये भरतात आणि वर्षभर खातात; दुकानापेक्षा चांगलं आणि स्वस्त पडतं. तसं आपल्याकडे गावातल्या माणसाकडून घेता येईल का, काय बघून घ्यावं, आणि खरंच पैसे वाचतात का?

मी करवीर तालुक्यात अठरा वर्षं शेळ्या पाळतोय. दसऱ्याला, आखाडात, जत्रेला माझ्याकडून अख्खे बोकड घेऊन जाणारी मंडळं आणि घरं ठरलेली आहेत. म्हणजे मी विकणारा आहे, माझ्या बोलण्यातून तेवढं वजा करून घ्या.

बैलाचं आधी मिटवू. गोहत्या महाराष्ट्रात आधीपासून बंद होतीच, २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात आले. तेव्हा भावाचा हिशेब जसाच्या तसा इथं लागू होत नाही. पण त्याच्या पद्धतीतली एक गोष्ट आपल्या कामाची आहे. तिकडचा बैल ५५०-६०० किलोचा असतो. कापून, साफ करून लटकवला की त्यातले साधारण साठ टक्के उरतात, आणि हाडं-चरबी काढून पिशवीत भरेपर्यंत त्यातलाही तिसरा हिस्सा जातो. म्हणजे एकाच जनावराची तीन वजनं: जिवंत, लटकतं आणि पिशवीतलं. भाव कुठल्या वजनावर ठरला हे ज्याला कळलं नाही, तो तिकडेही फसतो आणि आपल्या वडगावच्या जनावरांच्या बाजारातही.

आणि आपल्याकडे ही पद्धत नवी नाही. वाट्याचं मटण कोल्हापूरच्या कुठल्याही गावात विचारा. पाच-सात घरं मिळून बोकड घ्यायचा, पहाटे कापायचा, पत्रावळीवर सारखे वाटे घालायचे, पैसे वाटून द्यायचे. फ्रीज नव्हता तेव्हा अख्खं जनावर खराब न होता संपवायचा हाच मार्ग होता. शहरात आल्यावर आपण तो विसरलो, आणि आता तोच परदेशातून ऐकू आला.

आधी हिशेब, कारण तुम्ही पैशाचं विचारलंय

पोट रिकामं असलेला ३० किलोचा बोकड धरू. कातडं, मुंडी, पाय, आतडी, रक्त सगळं गेलं की लटकतं मटण १३ ते १५ किलो मिळतं. चांगला भरलेला असेल तर १५, हडकुळा असेल तर १३ सुद्धा नाही. आपण १४ धरू. शिवाय काळीज, गुर्दे, हृदय, फोफसं मिळून दीड किलोच्या आतबाहेर. वजडी साफ करून दीड किलो. मुंडी दोन किलोची. चार खूर मिळून पाऊण-एक किलो. बाकीचं पोटातला चारा, शेण, कातडं आणि रक्त.

आता समजा जिवंत वजनावर ३८० रुपये किलोने सौदा झाला. (हा भाव फक्त आकडेमोडीसाठी धरलाय, तो दर महिन्याला हलतो.) बोकड ११,४०० रुपयांचा. कापणं-साफ करणं ८०० धरा, टेम्पो ४००. झाले १२,६००. फक्त १४ किलो मटणाला भागलं, तर किलोला ९०० रुपये! म्हणजे दुकानापेक्षा महाग. इथंच बरेच लोक माझ्या नावानं बोटं मोडतात.

पण काळीज, फोफसं आणि वजडी धरून १७ किलो झालं, तर किलोला ७४० येतात. मुंडी आणि पाय तुमच्यातल्याच कुणी ६०० रुपयांना उचलले, तर ७०५. आता दुकानाच्या दरात आणि तुमच्या दरात फार अंतर राहत नाही. थोडं इकडे-तिकडे.

याचा अर्थ सरळ आहे. फायदा मटणात नाही, मुंडी-पाय-वजडीत आहे. तुमच्या सहा घरांत वजडी साफ करायला कुणी तयार नसेल, मुलं रक्ती बघून नाक मुरडत असतील आणि सगळ्यांना चाप आणि मांडीच हवी असेल, तर हा उद्योग करू नका. चांगला ओळखीचा खाटीक धरा, तो तुम्हाला हवं तेच देईल आणि बाकीचं दुसऱ्याला विकेल. त्याचा धंदाच तो आहे. म्हणून मी बोकडाआधी वाटेकरी बघायला सांगतो. मुंडी घेणारं एक घर, वजडीला जीव टाकणारं एक घर आणि काहीही चालणारी चार घरं एवढं जमलं की हिशेब बसला.

२०१९ च्या शेवटी कोल्हापुरात मटणाच्या दरावरून वाद पेटला होता, आठवत असेल. कसबा बावड्यातून सुरू झालेला तो. त्या दिवसांत माझ्याकडे एका तालमीची पोरं आली, एकदम चार बोकड घेऊन गेली. पहिल्या खेपेला खूश. दुसऱ्या खेपेला हिशेब मांडला तर दोन बोकडांची वजडी कुणीच नेली नव्हती, तशीच मातीत पुरावी लागली. तिसरी खेप झाली नाही.

बोकड, पाट की बकरं

तुम्ही शहरात वाढला असाल तर एक गोंधळ आधी सोडवतो. आमच्याकडचा धनगर ‘बकरी’ म्हणतो तेव्हा तो मेंढरांबद्दल बोलत असतो. दिवाळीच्या पाडव्याला बकरी बुजवतात, ती मेंढरंच. शेळीला तो शेळी किंवा शेरडू म्हणणार. तेव्हा फोनवर ‘बकरं आहे का’ विचारलंत आणि दारात मेंढा उभा राहिला, तर दोष त्याचा नाही.

दोन्ही चांगली. दख्खनी मेंढ्याचं मटण चरबीला जास्त, रश्श्याला तर्री छान येते, पण थंड झाल्यावर चरबी ओठाला चिकटते. शेळीचं मटण कमी चरबीचं, अळणी पाणी (मटण शिजवलेलं बिनतिखटाचं पाणी) स्वच्छ निघतं, पांढऱ्या रश्श्याला मला तेच आवडतं. जतकडचा माडग्याळ मेंढा मोठा, बाकदार नाकाचा, दिसायला राजबिंडा, पण त्याला पैदाशीसाठी भाव मिळतो. कधी कधी तर लाखांत. तो कापायला मागाल तर धनगर तुमच्याकडे बघत राहील.

शेळीत माझ्याकडे उस्मानाबादी जास्त. काळा, आपल्या हवेला सोसणारा. संकरित बोअर लवकर वजन धरतो, मांडी मोठी निघते, पण मला मटण थोडं पाणचट वाटतं. हे माझं मत. माझी गिऱ्हाइकं निम्मी-निम्मी आहेत.

शेळी किंवा पाट, म्हणजे तरुण शेळी, स्वस्त मिळते, म्हणून तिचा मोह होतो. पण ती गाभण नाही ना, हे विचारल्याशिवाय आणि जमलं तर डॉक्टरांकडून तपासल्याशिवाय घेऊ नका. गाभण जनावर, तीन महिन्यांच्या आतलं पिलू असलेली आई आणि तीन महिन्यांच्या आतलं पिलू कापायला कायद्यानेच मनाई आहे. कायदा नसता तरी मी दिली नसती.

दात, हात आणि डोळा

पहिलं दात बघा. खालचा ओठ खाली ओढा. वरच्या बाजूला पुढं दात नसतातच, तिथं शोधू नका. समोरचे सगळे दात बारीक, दुधाचे असतील तर तो आदत, म्हणजे साधारण वर्षाच्या आतला. मधले दोन मोठे, रुंद आले असतील तर दोनदाती. साधारण सव्वा ते दीड वर्ष. चारदाती म्हणजे दोनच्या पुढं. आठही दात मोठे झाले, जुळला, तर तो चारच्या घरात गेला. सुक्यासाठी आणि घरच्या कुकरसाठी आदत किंवा नुकताच दोनदाती. जत्रेच्या मोठ्या काहिलीत तीन तास चुलीवर शिजणार असेल, तर चारदातीही चालतो, चवीला उलट गडद लागतो.

दुसरं, तो खच्ची आहे की अंडील? खच्ची केलेल्या बोकडाला अंगावर मांस चांगलं भरतं आणि तो उग्र वास नसतो. वयात आलेल्या अंडील बोकडाच्या शिंगांच्या मागं हात चोळून हुंगा, कळेल. मी पहिल्यांदा स्वतःच्या घरच्या कार्यक्रमाला बोकड निवडला तेव्हा आकाराला भुललो. चाळीस किलोच्या पुढचा, दाढीवाला, कळपाचा राजा. स्वस्तातही मिळाला. घरात तीन दिवस वास गेला नाही, आणि कुकरच्या आठ शिट्ट्यांनंतरही आमच्या आजीने बोटानं दाबून बघितलं आणि काही न बोलता ताट सरकवलं. त्यानंतर मी पिलं दोन-तीन महिन्यांची असतानाच डॉक्टरांकडून चिमटा लावून खच्ची करून घेतो.

तिसरं, पाठीवर हात ठेवा. कमरेवर, शेवटच्या बरगडीच्या मागं, कण्याच्या दोन्ही बाजूंना बोटं दाबा. हाडांची टोकं करवतीसारखी लागली तर बोकड उपाशी आहे, पैसे हाडांचे द्याल. टोकं लागतात पण गोल लागतात, वर मांसाची गादी आहे, हे बरोबर. काहीच लागत नसेल तर चरबी जास्त. पोट बघून भुलू नका. पोट फुगलेलं आणि पाठ बसलेली म्हणजे जंत.

जंत ओळखायचा सगळ्यात सोपा मार्ग डोळ्यात आहे. खालची पापणी अंगठ्यानं खाली ओढा. आतून लालसर गुलाबी असावी. पांढरट दिसली तर रक्त कमी आहे. जबड्याखाली पाण्याची मऊ पिशवी लोंबत असेल तर प्रकरण पुढं गेलंय, सोडून द्या. बाकी रोजचं: नाक कोरडं, शेपटीखाली हगवण नाही, चालताना लंगडत नाही, कळपातून बाजूला मान टाकून उभा नाही, बसला की रवंथ करतो. एकाच बाजूला गोल गोल फिरणारा बोकड कितीही जाड असला तरी घेऊ नका.

आणि शेवटी विचारा, की शेवटचं औषध कधी दिलं. जंताचं औषध, प्रतिजैविकाचं इंजेक्शन दिल्यावर किती दिवस मांस खाऊ नये, हे बाटलीवर लिहिलेलं असतं. काहींना आठवडा-दीड आठवडा, काहींना महिन्यापर्यंत. ज्याला हे सांगता येत नाही किंवा जो ‘काय नाय हो, काय हुतंय’ म्हणतो, त्याच्याकडून मी घेणार नाही. थेट शेतकऱ्याकडून घेण्याचा खरा फायदा मला विचाराल तर हाच आहे. दुकानात लटकलेल्या मटणाला तुम्ही हा प्रश्न विचारू शकत नाही.

वजन

सौदा दोन तऱ्हेनं होतो. एक उक्ता, म्हणजे नजरेनं बघून ‘एवढ्याला दिला’. दुसरा काट्यावर. नवख्यानं उक्ता करू नये, बस्स. मी अठरा वर्षांनंतरही दोन-तीन किलोंनी चुकतो, आणि वडगाव किंवा आटपाडीच्या बाजारातला व्यापारी अर्ध्या किलोनं.

काट्यावर घेताना वेळ महत्त्वाची. संध्याकाळी चरून आलेल्या बोकडाच्या पोटात चार-पाच किलो चारा-पाणी सहज असतं. मीठ चारून पाणी पाजलं की अजून वाढतं. ही युक्ती जुनी आहे. सकाळी, चारा टाकायच्या आधी वजन करा. रात्रभर चारा बंद असेल, पाणी चालू असेल, तर ते वजन खरं.

काटा नसेल तर शिंप्याची टेप न्या. पुढच्या पायांच्या मागं छातीचा घेर इंचांत मोजा. खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०. घेर २८ आणि लांबी २६ आली तर साधारण ३१ किलो. एक-दोन किलो इकडे-तिकडे होतं, पण विकणाऱ्यासमोर टेप काढली की त्याचा आकडा आपोआप खाली येतो, हे मी स्वतः अनुभवलंय. टेप माझ्यासमोरही काढली आहे लोकांनी.

कुठं आणि कोण कापणार

इथं जपून राहा. महापालिकेच्या हद्दीत मान्यताप्राप्त कत्तलखान्याबाहेर जनावर कापायला नियमानं बंदी आहे, आणि तिथंही आधी पशुवैद्यकानं तपासलेलं असावं लागतं. तेव्हा राजारामपुरीतल्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये हे काम करायचा विचार डोक्यातून काढून टाका. शेजाऱ्यांच्या भांडणाचं तर सोडाच. गावाकडेही आधी ग्रामपंचायतीत आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करून घ्या. आणि वाटेकऱ्यांत पैसे वाटणं वेगळं, चार लोकांना मटण विकणं वेगळं; विकायला लागलात की अन्न परवान्याचा विषय येतो.

कापणारा मात्र सरावाचाच हवा. आमच्या भागात गावचे मुलाणी हे काम पिढ्यान्‌पिढ्या करतात, काही ठिकाणी खाटीक येतात. एका वारात, शांतपणे, जनावराला कमीत कमी त्रास होईल असं ते काम झालं पाहिजे. आदल्या दिवशी बोकड आणून ठेवा, सावलीत बांधा, पाणी द्या. टेम्पोतून दमून, घाबरून उतरलेला बोकड लगेच कापला की मटण काळपट, चिवट निघतं आणि लवकर बिघडतं. मटण नीट मुरायला अंगातली जी साखर गरजेची असते, ती पळापळीत संपलेली असते. दुसरी गोष्ट, कातडं सोलताना केसाला लागलेला हात आणि सुरी मटणाला लागू नये. बोकडाचा म्हणून जो वास लोक सांगतात, त्यातला निम्मा इथून येतो.

पोट उघडलं की काळीज आणि फोफसं नीट बघा. काळीज एकसारखं तपकिरी-लाल, गुळगुळीत हवं. त्यात चपटे पानासारखे कृमी किंवा पांढरे कडक ठिपके दिसले तर ते काळीज फेका. काळजात किंवा फोफशात पाण्यानं भरलेले फुगे दिसले, तर तो अवयव कुत्र्याला टाकू नका. त्यातून कुत्र्याला लागण होते आणि कुत्र्यामुळं माणसाला. पुरून टाका, तीन-चार फूट खोल, वर चुना. सगळा टाकाऊ भागही तसाच पुरा. ओढ्यात, पंचगंगेत सोडू नका. फुगे थोडेच असतील तर बाकी मटण सहसा वापरतात, पण गाठी सगळीकडे असतील, पू असेल किंवा मांस पिवळं दिसत असेल, तर पैसे गेले समजा आणि डॉक्टरांना दाखवा.

वाटे घालणं

माझं सगळ्यात आवडतं काम. स्वच्छ ताडपत्रीवर सहा पत्रावळ्या मांडा. मग मांडीचे तुकडे सहा ठिकाणी, खांद्याचे सहा ठिकाणी, चाप, सीना, मान, नळ्या, काळजाचा एकेक तुकडा, गुर्द्याची फोड, वजडी, चरबी. प्रत्येक जागचं थोडं थोडं प्रत्येक वाट्यात. आधी चाप एका वाट्याला आणि मांडी दुसऱ्याला असं केलंत की मैत्री संपली. मग काट्यावर घालून सारखं करा.

गावात पुढं जे होतं ते तुम्हीही करा. एका लहान पोराला पाठमोरं उभं करायचं, एका वाट्यावर हात ठेवून विचारायचं, ‘ह्यो कुणाचा?’ पोरगं नाव घेईल त्याचा तो वाटा. तक्रार करायला जागाच राहत नाही. मुंडी आणि पाय वाट्यात घालू नका, तिथल्या तिथं बोली लावा आणि आलेले पैसे एकूण खर्चातून वजा करा. रक्ती हवी असेल त्यानं भांडं घेऊन पहाटेच हजर राहावं, नंतर मिळत नाही.

कुणाला अर्धा वाटा हवा असेल तर दोघांत एक घालून त्यांनी घरी वाटून घ्यावा. आणि कृपा करून बोकड ठरल्यावर ‘आमच्याकडे पाहुणे येणार नाहीत, आमचा वाटा रद्द’ म्हणणाऱ्याला पुढच्या वेळी घेऊ नका. पैसे आधी गोळा करा.

फ्रीझरची घाई

भावाचं ऐकून तुम्ही मोठा फ्रीझर घ्यायच्या विचारात आहात, असं प्रश्नात दिसतंय. घेऊ नका. बैलाच्या पाव वाट्यालाच ५० किलोच्या पुढं मटण येतं, म्हणून त्यांना लागतो. तुमच्या एका घराला सहाव्या हिश्श्यानं सव्वादोन किलो मटण आणि अर्धा किलो काळीज-वजडी येणार. त्यातलं एक किलो त्याच दिवशी शिजणार. उरलेलं सव्वा किलो, त्यासाठी काय फ्रीझर!

पण उरलेलं ठेवताना एक चूक जवळजवळ सगळे करतात. नुकतं कापलेलं, अजून कोमट असलेलं मटण थेट बर्फाच्या कप्प्यात कोंबतात. जनावर मेल्यावर काही तास स्नायूंत ताकद शिल्लक असते. त्या वेळात एकदम गार लागलं की स्नायू आखडतो, आणि आखडलेला तसाच राहतो. नंतर कितीही शिजवा, रबर. बैलाला जाड चरबी असते, तो हळू गार होतो. आपला बोकड बारीक, झटकन गार होतो, म्हणून त्याला हे जास्त बाधतं. लोक बोकडाला आणि मला शिव्या देतात.

दोनच वेळा चांगल्या. एक, कापल्यापासून तास-दीड तासात थेट पातेल्यात. जत्रेतलं मटण मऊ का लागतं, तर त्याला ताठरायला वेळच मिळत नाही. दुसरी, पूर्ण रात्र गेल्यावर. मधल्या वेळात, सकाळी कापलेलं दुपारी दोनला शिजवायला घेतलंत, तर ते सगळ्यात चिवट असतं.

म्हणून ठेवायचं मटण मोठ्या, हाडासकट तुकड्यांत ठेवा. थंडीच्या दिवसांत पहाटे पाचला कापलं, तर पातळ स्वच्छ कापडात गुंडाळून वाऱ्याच्या, सावलीच्या जागी पाच-सहा तास टांगता येतं, माशी बसणार नाही एवढं बघा. मग फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, पसरून, रात्रभर. दुसऱ्या दिवशी सकाळी बारीक करून अर्ध्या-अर्ध्या किलोच्या चपट्या पिशव्या, हवा काढून, वर तारीख लिहून, बर्फाच्या कप्प्यात. चैत्र-वैशाखात टांगायच्या भानगडीत पडू नका, तास-दोन तासांत थेट खालच्या कप्प्यात, पण बर्फात नाही. एका दाराच्या फ्रीजचा वरचा कप्पा पुरेसा गार नसतो, त्यातलं दोन-तीन आठवड्यांत संपवा. दोन दाराच्या फ्रीजमध्ये, उणे १८ अंशाला, तीन-चार महिने चव टिकते. काळीज आणि वजडी ठेवूच नका, त्याच दिवशी करा. गोठलेलं मटण सोडवताना ओट्यावर ठेवायचं नाही, आदल्या रात्री खालच्या कप्प्यात आणायचं.

हाडं आणि नळ्यांचं माझ्या बायकोचं गणित वेगळं आहे. ती पहिल्याच दिवशी मोठ्या पातेल्यात हळद, आलं-लसूण घालून अळणी काढते आणि गार झाल्यावर डब्यांत भरून बर्फात ठेवते. पुढच्या महिन्यात अचानक कुणी आलं की पांढरा रस्सा अर्ध्या तासात तयार. फ्रीझरमधली जागा द्यायचीच, तर मटणापेक्षा या डब्यांना द्या.

कधी घ्यायचं

आखाडात, त्र्यंबोली यात्रेच्या आसपास, आणि बकरी ईदच्या आधीचे तीन-चार आठवडे भाव चढलेले असतात. तेव्हा माझ्यासारख्याला घासाघीस करायचं कारण नसतं. पावसात शेळ्यांना जंत आणि खुरांचा त्रासही जास्त. श्रावणात गिऱ्हाईक थांबतं, भाव नरमतो, पण तुम्हीही खात नसाल तर उपयोग काय. माझ्या मते दिवाळीनंतरचे दोन-तीन महिने उत्तम. पावसाळाभर हिरवं खाऊन अंग भरलेलं असतं, हवा थंड असते, मटण टांगता येतं.

पहिल्या वेळी बाजारात जाऊ नका. गावातला एक पाळणारा गाठा, एखाद्या रविवारी मुलांना घेऊन गोठ्यावर जा, चहा घ्या, जनावरं काय खातात ते बघा. बोकड निवडा, कानाला दोरा बांधा, निम्मे पैसे द्या आणि महिन्यानं न्या. तेवढ्या काळात तो अजून दोन किलो वाढेल, आणि औषधाची मुदत संपली की नाही ही शंकाही उरणार नाही. फक्त मुलांना त्याचं नाव ठेवू देऊ नका. माझ्याकडे एक ‘बंड्या’ आहे. सात वर्षांचा झालाय, आठही दात झिजलेत, आणि त्याचे निम्मे पैसे देऊन गेलेले गृहस्थ दर दिवाळीला त्याला भिजवलेले हरभरे घेऊन येतात.